सूर्यास्त सहा पस्तीसला, फोटो सात वाजता: एका लग्नाच्या वेळापत्रकाचं प्रकरण

लग्नाचे फोटो बिघडले की खापर फोटोग्राफरवर फुटतं. कधी ते रास्तही असतं. पण बरेच फोटो कॅमेरा पिशवीतून बाहेर निघण्याआधीच, कार्यक्रमाच्या वेळा ठरवताना बिघडलेले असतात, आणि त्या वेळा ठरवतात वधू-वर आणि त्यांच्या घरचे. खालचं प्रकरण कोण्या एका लग्नाची हकीकत नाही. पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या अडचणी एकत्र करून ते नमुना म्हणून रचलं आहे, आणि आकडे हिशेब दिसावा म्हणून धरले आहेत.

परिस्थिती

दीडशे पाहुणे. मुख्य विधी आणि रात्रीचा समारंभ एकाच हॉलमध्ये, बाहेर थोडी मोकळी जागा आणि झाडं. त्या दिवशीचा सूर्यास्त संध्याकाळी ६.३५ चा. फोटोग्राफर दुपारी १ ते रात्री १०, सोबत एक सहायक, व्हिडिओवाला वेगळा. घरच्यांनी कागदावर आखलेला कार्यक्रम असा होता: साडेतीनपर्यंत तयारी, ५ ते ५.५० विधी, ५.५० ते ६.४० स्टेजवर शुभेच्छा, ६.४० ते ७ कुटुंबाचे ग्रुप फोटो, ७ ते ७.२० दोघांचे फोटो, साडेसातला जेवण.

वाचताना यात काही चूक दिसत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. दोघांना हवे होते संध्याकाळच्या सोनेरी उजेडातले, झाडाखालचे फोटो. त्यांनी फोटोग्राफरला नमुनेही पाठवले होते. पण कागदावर त्या फोटोंची वेळ सूर्य बुडाल्यावर पंचवीस मिनिटांनी सुरू होत होती. शिवाय ग्रुप फोटोंची यादी सत्तावीस गटांची. एका गटाला माणसं गोळा करणं, उभं करणं, चार-सहा फ्रेम काढणं आणि पांगवणं धरून तीन मिनिटं लागतात. म्हणजे ८१ मिनिटांचं काम वीस मिनिटांत बसवलेलं. शुभेच्छांचा हिशेबही कोणी केला नव्हता. दीडशे माणसं सरासरी तिघांच्या घोळक्याने वर आली तर पन्नास घोळके होतात. प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी पन्नास मिनिटं, आणि त्यात गप्पांना जागाच नाही.

असं वेळापत्रक कोलमडतं तेव्हा कात्री नेहमी दोघांच्या फोटोंवर चालते. पाहुण्यांना थांबवता येत नाही, जेवण पुढे ढकलता येत नाही. दोघं मात्र ‘असू दे, नंतर बघू’ म्हणतात.

उजेड हा मूळ प्रश्न का

दुपारी उशिरा मोकळ्या सावलीत कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, २०० वर भागतो. त्याच लेन्सने, तेवढ्याच शटरला, रात्री हॉलमध्ये तो ३२०० वर न्यावा लागतो, म्हणजे उजेड सोळा पट कमी. आजचे कॅमेरे ३२०० ला चांगले फोटो देतात, त्यामुळे दाणेदारपणाची फार चिंता नको. खरी अडचण ही की पुढून मागे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येतं. तीन रांगांचा ग्रुप पुढून मागपर्यंत स्पष्ट यायला लेन्सचं तोंड लहान करावं लागतं, एफ ५.६ ते ८ (आकडा मोठा तितकं तोंड लहान). अंधारात ते परवडत नाही, एफ २.८ वर काढलं की पुढची रांग स्वच्छ आणि मागचे काका-मामा धूसर. म्हणून उजेड फक्त दोघांच्या फोटोंना लागतो असं नाही, मोठ्या ग्रुपला तो जास्तच लागतो.

फ्लॅशवर किती भिस्त ठेवायची हे छतावर अवलंबून असतं. तीनेक मीटरवर पांढरं छत असेल तर फ्लॅश वर मारून मऊ उजेड खाली आणता येतो. या हॉलचं छत उंच आणि गडद लाकडाचं होतं, तिथून परत येणारा उजेड नगण्य. मग सरळ चेहऱ्यावर फ्लॅश मारला तर चेहरे चपटे दिसतात आणि मागच्या पडद्यावर काळ्या सावल्या चिकटतात. उपाय स्टँडवरचे दोन दिवे. पण ते पाहुण्यांच्या पायात येणार नाहीत अशी जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि ती हॉलच्या व्यवस्थापकाशी बोलून दोघांनाच मिळवावी लागते. नाहीतर लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर दिवे घेऊन पोचतो तेव्हा तिथे फुलांची कमान उभी असते.

पंधरा दिवस आधीची पाहणी

हॉल सकाळी अकराला पाहून उपयोग नाही. दोघं संध्याकाळी पाचला, म्हणजे विधीच्याच वेळी गेले. एकाने विधीच्या जागी, विधीत असेल त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पाहुण्यांच्या जागेवरून फोनने फोटो काढायचा, मग अदलाबदल. एवढ्यानेच एक मोठी गोष्ट हाती लागली. स्टेजच्या डावीकडे पश्चिमेची उंच खिडकी होती. पाचच्या सुमारास तिच्यातून तिरपं ऊन येऊन नेमकं उभं राहण्याच्या जागेवर पडत होतं: अर्धा चेहरा पांढराफेक, नाकाच्या पलीकडचा काळा. फोटोत एकतर उन्हातली बाजू उडते नाहीतर सावलीतली बुडते, आणि नंतर संगणकावर यातलं फारसं काही सावरता येत नाही. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला की तीच खिडकी एका बाजूने येणाऱ्या मऊ उजेडाचा उत्तम झोत होते. जाड पडदा लावायचा नाही. त्याने ऊन जातं आणि उजेडही जातो.

दुसरी तपासणी दिव्यांची. स्टेजवर ऐन डोक्यावर स्पॉटलाइट होते. त्यांच्या खाली उभं राहिलं की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि माणूस दमलेला दिसतो. खुर्च्या दिव्यांच्या रेषेपासून मीटरभर मागे सरकवल्या की तोच उजेड वरून न पडता तिरपा, समोरून येतो. मात्र मागे सरकताना पडद्याला चिकटायचं नाही. खुर्ची आणि पडदा यांच्यात निदान दीड-दोन मीटर हवेत, नाहीतर पडद्यावर सावल्या पडतात आणि पडद्याची प्रत्येक सुरकुती फोटोत स्पष्ट येते.

रंगीत एलईडीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपासचा. हा फरक नंतर दुरुस्त होतो, निदान दोन्ही एकाच चेहऱ्यावर नसतील तर. जांभळा किंवा गडद निळा एलईडी दुरुस्त होत नाही. त्या उजेडात त्वचेच्या खऱ्या रंगाची माहितीच कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही, मग सुधारायचं काय? असे फोटो शेवटी कृष्णधवल करून दिले जातात आणि लोकांना ती कलात्मक निवड वाटते. लाइटवाल्याला एकच वाक्य लिहून द्यावं: चेहऱ्यांवर पांढरा, रंग फक्त मागच्या भिंतीवर. नाचाच्या वेळी लेझर असतील तर ते कॅमेऱ्यांच्या दिशेने फिरवू नयेत हेही त्यात जोडावं. लेझरच्या थेट किरणाने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

दिवे लुकलुकतात का हे फोनवरच कळतं. स्लो मोशनमध्ये दहा सेकंद दिव्याकडे धरा. चित्र धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर फोटोतही आडवे पट्टे येण्याचा धोका आहे. डिमरने मंद केलेले स्वस्त एलईडी यात जास्त सापडतात. फोटोग्राफर शटरचा वेग बदलून त्यावर मात करू शकतो, पण त्याला हे आदल्या दिवशी कळलं तर बरं.

नवं वेळापत्रक

सगळ्यात सोपा मार्ग होता विधीच्या आधीच दोघांनी भेटून फोटो उरकण्याचा. तो घरच्यांना मान्य नव्हता, आणि फोटोसाठी घरात रुसवेफुगवे ओढवून घेण्यात शहाणपण नाही. मग सत्तावीस गटांची यादी घेऊन प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: या फोटोत दोघंही हवेत का?

उत्तरं बोलकी होती. दहा गटांत फक्त एकाची गरज होती (वधू आणि तिच्या आत्या, वर आणि त्याची भावंडं असे), प्रत्येक बाजूला पाच. ते विधीआधी, दोन ठिकाणी एकाच वेळी उरकायचे ठरले: वधूकडे फोटोग्राफर, वराकडे सहायक. आठ गट मित्रमंडळी आणि ऑफिसातल्यांचे होते. ते शुभेच्छा द्यायला स्टेजवर येणारच, तिथेच त्यांचा फोटो होईल. उरले नऊ. हे नऊ विधी संपताच, बाहेर, उजेड असताना.

कार्यक्रम असा बदलला: मेकअप पावणेतीनला संपणार, ३.१५ ते ३.३० आपापल्या बाजूचे पाच गट. विधी ५ ते ५.५०, ५.५५ ते ६.१५ नऊ गट, ६.१५ ते ६.३५ फक्त दोघं. पाहुण्यांना तोवर चहापाणी. पावणेसातपासून स्टेजवर शुभेच्छा. शुभेच्छांना उजेड लागत नाही, दिवे चालतात. साडेसातचं जेवण पावणेआठला सरकलं, एवढीच काय ती किंमत. सोनेरी उजेड सूर्य क्षितिजापासून पाच-सहा अंशांवर आल्यावर मिळतो, आणि ती वेळ बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा-पाऊण तास असते. पण डोंगर किंवा उंच इमारत आडवी असेल तर ऊन पंचांगातल्या वेळेआधीच जातं, म्हणून पाहणीच्या दिवशीच ते नजरेने बघून ठेवावं.

नऊ गट वीस मिनिटांत

तीन मिनिटांचा गट दोन मिनिटांत आणायचा तर वेळ फोटोग्राफरच्या कामातून वाचत नाही. कॅमेऱ्याचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं. बाकी सगळी शोधाशोध. ‘अरे, मावशी कुठे गेली?’ इथेच घोडं पेंड खातं.

क्रम लावताना मोठ्यापासून लहानाकडे यायचं. पहिला गट दोन्ही घरं मिळून बाविसांचा. मग माणसं कमी करत जायचं, जेणेकरून प्रत्येक बदलाला दोन-चार जणच हलतील. ज्येष्ठांचे गट पहिल्या तीनमध्येच, त्यांच्यासाठी चार खुर्च्या तिथे मांडून ठेवलेल्या. त्यांचं झालं की त्यांना मोकळं करायचं. लहान मुलंही लवकर, कारण त्यांचा धीर दहा मिनिटांचा.

प्रत्येक बाजूचा एकेक हाकारा नेमला: मोठा आवाज, सगळे चेहरे ओळखणारा आणि स्वतः फार फोटोंत नसलेला. हे काम आई-वडिलांना देऊ नये. त्यांना वाटेत प्रत्येक पाहुणा थांबवतो. यादीत ‘वराचे काका’ असं लिहायचं नाही, नावं लिहायची. आदल्या रात्री यादीतल्या प्रत्येकाला निरोप गेला की विधी संपल्यावर हॉलच्या पूर्वेच्या दारापाशी थांबा, पंधरा मिनिटांत सोडतो. एक गट उभा असताना हाकाऱ्याने पुढचा बाजूला जमवायचा.

घरातल्या नाजूक गोष्टीही त्याच कागदावर हव्यात. आई-वडील विभक्त असतील, दोन भावांचं बोलणं नसेल, अलीकडेच कोणी गेलं असेल, तर फोटोग्राफरला ते आधी कळू द्या. नाहीतर तो भाबडेपणाने म्हणतो, ‘जरा जवळ या’, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत चेहरे आखडलेले.

डोळे मिटण्याचाही हिशेब आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेशी संबंधित निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी तो मांडला आणि त्याला २००६ मध्ये गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसांसाठी त्यांचा ठोकताळा: चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढ्या फ्रेम काढल्या की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची खात्री बाळगता येते. बारा जणांना बाहेर चार, हॉलमध्ये सहा. एका दमात धडाधड काढलेल्या फ्रेम इथे कामाच्या नाहीत, कारण सलग दोन-तीन फ्रेम एकाच मिटलेल्या पापणीच्या निघतात. म्हणून ‘झालं का?’ म्हणत पहिल्या क्लिकनंतर रांग मोडू नये. आणि त्याच वेळी मागून कोणी फोन उंचावला तर निम्म्या नजरा तिकडे जातात. हाकाऱ्याने आधी फोनवाल्यांना सांगायचं की तुमची पाळी नंतर.

खोली, चेहरा, हात

तयारीच्या खोलीत दोनच गोष्टी पाहिल्या. आरशासमोरची खुर्ची खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर आणली, चेहरा खिडकीकडे, आणि फोटो सुरू होताना छताचे पिवळे दिवे बंद. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिचा रंग गालावर उतरतो, म्हणून फिकट भिंतीची खोली निवडायची. पिशव्या, खोके, चार्जरच्या वायरी एका कोपऱ्यात ढकलायच्या. दागिने, पत्रिका, अंगठ्या, चपला-बूट हे सगळं एका डब्यात आदल्या रात्रीच भरून ठेवलं, नाहीतर फोटोग्राफरचा अर्धा तास किल्ल्या शोधण्यात जातो.

मेकअपमध्ये नेहमीचा फसवा प्रकार म्हणजे फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका येणं. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची बारीक पावडर फ्लॅशचा उजेड थेट परतवतात. आरशात काहीच कळत नाही. ट्रायल मेकअपनंतर खोली अंधारी करून दीड मीटरवरून फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढला की लगेच दिसतं. गळा आणि चेहरा वेगळे दिसले तर बेस किंवा पावडर बदलायची.

वराच्या चष्म्याच्या काचा उन्हात काळवंडणाऱ्या होत्या. बाहेरच्या सगळ्या फोटोंत तो गॉगल घातल्यासारखा दिसला असता, आणि आत आल्यावरही काचा निवळायला काही मिनिटं जातात. त्याच फ्रेममध्ये साध्या, चमक न येणाऱ्या काचा बसवल्या. खिशातला फोन, मनगटावरचं स्मार्टवॉच, हाताला अडकवलेला केसांचा रबर: हे काढायची जबाबदारी एका मैत्रिणीवर.

महिनाभर आधी दोघांनी याच फोटोग्राफरबरोबर तासभर सराव केला. त्याचा खरा उपयोग ऐकायची सवय होण्यात आहे. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न हाताला काम दिलं की सुटतो. वजन मागच्या पायावर, एकमेकांच्या बाजूचे खांदे किंचित वळलेले, आणि कॅमेऱ्याकडे न बघता चालत बोलत राहायचं. उरलेलं फोटोग्राफर बघतो.

विधीतल्या महत्त्वाच्या क्षणाला, अंगठी असो वा हार, तीन सेकंद थांबायचं आणि हात छातीच्या उंचीवर ठेवायचे. विधी सांगणाऱ्यांना त्या क्षणी एक पाऊल बाजूला व्हायची विनंती आधीच करून ठेवली, नाहीतर दोघांच्या मधोमध तिसरा चेहरा येतो. पुढच्या दोन रांगांनी फोन खाली ठेवावेत अशी घोषणा सुरुवातीला झाली. ती पाहुण्यांना आवडेल का, ही शंका असते. पण दोघांच्या नावाने नम्रपणे सांगितलं तर सहसा कोणी वाईट वाटून घेत नाही.

त्या दिवशी काय हललं

मेकअप पावणेतीनऐवजी ३.१० ला संपला. ३.१५ पर्यंतची अर्धा तासाची मोकळीक त्यासाठीच होती; तिच्यातली पाच मिनिटं उरली. विधी सात मिनिटं लांबला. नऊ गटांतल्या चौथ्या गटातली दोन माणसं सापडेनात. त्यांच्याशिवाय फोटो घेऊन पुढे सरकले आणि ते आल्यावर शेवटी तो गट पुन्हा उभा केला. हा नियम आधी ठरला होता म्हणून कोणी अडून बसलं नाही. दोघांना वीसऐवजी अकरा मिनिटं मिळाली. सराव झालेल्या जोडप्याला एका झाडाखाली अकरा मिनिटांत चांगले आठ-दहा फोटो मिळतात. जागा बदलत फिरलं असतं तर तीनही मिळाले नसते.

शुभेच्छा चालू असताना लाइटवाल्याने पुन्हा जांभळा झोत चेहऱ्यांवर सोडला. चिठ्ठी दुपारच्या माणसाला दिली होती, रात्री पाळी बदलली होती. हाकाऱ्यांपैकी एकाने जाऊन बंद करवला, तोवर शुभेच्छांचे काही फोटो गेलेच. सुटलेला एक गटही निघाला: वधूचे शाळेतले शिक्षक यादीत नव्हते आणि जेवणाआधीच निघून गेले. यादी दोन्ही घरांनी पाहिली होती, पण वधूने स्वतः शेवटची नजर घातली नव्हती.

फोटोग्राफरचं जेवण दोघांच्या जेवणाच्याच वेळी लावलं होतं. घास घेतानाचे फोटो कोणालाच नको असतात. तो उशिरा जेवायला बसला की नेमका नाच सुरू होतो.

कराराच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे कामी आले. एक, निवडक फोटो न दाखवता एका अख्ख्या लग्नाचे, रात्रीच्या हॉलसकट, सगळे फोटो दाखवा. दोन, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का. फोटो हाती आल्यावर दोघांनी त्याच आठवड्यात तीन प्रती केल्या: संगणक, वेगळी हार्ड डिस्क आणि ऑनलाइन साठा. डाउनलोडच्या लिंका कायम चालू राहत नाहीत.

अल्बम मात्र रखडला, आणि तो फोटोग्राफरमुळे नाही. सातशे फोटोंतून ऐंशी निवडायचे होते आणि दोन्ही घरं निवडत होती. शेवटी दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकी शंभर निवडले. दोन्ही याद्यांत आलेले बावन्न थेट घेतले, उरलेले अठ्ठावीस घरच्यांसाठी सोडले, प्रत्येक घराला चौदा.